कार्डावरची माणसं

आत्यानं दार उघडलं तेव्हा दादा चपला न काढताच बोलायला लागला होता. त्यावरून आत्यानं ओळखलं, आज भांडण आहे.

“आधी चपला,” ती म्हणाली.

दादानं चपला काढल्या. जमिनी मोजणारा, हाताखाली माणसं असलेला, चार ठिकाणी ‘साहेब’ म्हणवून घेणारा माणूस. पण आत्याच्या उंबऱ्यावर त्याचं वय नऊच्या पुढे कधी गेलंच नाही. त्याच्यामागून वहिनी आली आणि वहिनीमागून मधली. मधलीच्या नखांना नेहमीसारखा चामड्याचा रंग लागलेला होता, आणि डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे होते.

“धाकटा कुठाय?” दादानं विचारलं.

“येतोय म्हणाला. भट्टी आवरून,” मधली म्हणाली.

“येईल, येईल. ज्याच्या मनात चोर असतो तो शेवटीच येतो.”

“अहो, जरा दमानं घ्या,” वहिनी म्हणाली. “अजून काही ठरलेलं नाही.”

आत्यानं कोणालाच काही विचारलं नाही. ती चहा टाकायला आत गेली आणि जाता जाता आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. हे फक्त वहिनीनं पाहिलं. या घरात येऊन पंधरा वर्षं होत आली होती, पण आत्याचं ते दार बंद असलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. आत होतं काय? इस्त्रीचं टेबल, कपाट आणि भिंतीला टेकवलेली घडीची खाट. त्यात झाकण्यासारखं काय असणार?

वहिनी घरगुती उपकरणांच्या मोठ्या दुकानात हप्त्यांच्या काउंटरवर बसायची. कोणाला फ्रिज हप्त्यानं द्यायचा आणि कोणाला गोड बोलून वाटेला लावायचं, हे तिच्या समोरच्या पडद्यावरचा एक आकडा ठरवायचा. दिवसभर लोकांचे स्कोअर बघून तिला माणसं वाचायची सवय लागली होती. जुनं घर विकलं त्या वेळच्या वाटणीनंतर ती आणि मधली वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पण गुरुवारी बँकेतून बाहेर पडल्यावर मधलीनं पहिला फोन केला तो वहिनीलाच.

झालं होतं ते असं. मधली ज्यांच्या हाताखाली बूट शिवायला शिकली ते मास्तर थकले होते आणि मुलीकडे राहायला जाणार होते. दुकान साध्या बुटांचं नव्हतं. एक पाय आखूड असलेले, पावलं वाकडी असलेले, अपघातात टाच गेलेले लोक तिथे यायचे. प्रत्येकाच्या पावलाचा लाकडी फर्मा तिथल्या फळ्यांवर ठेवलेला होता. भिंत भरून नुसते पाय. मास्तरांना दुकान मधलीला द्यायचं होतं, पण फुकट देण्याइतके ते श्रीमंत नव्हते. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्याला तिथे मोबाइलची दुकानदारी करायची होती आणि फर्मे त्याच्या लेखी जळाऊ लाकूड होतं. मधलीचं कर्ज जवळजवळ मंजूर झालं होतं. आणि गुरुवारी बँकेतली बाई म्हणाली, “तुमचा स्कोअर एकदम एवढा कसा घसरला हो? बुधवारी आमची बैठक आहे. तोवर काहीतरी करा.”

मधलीनं आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नव्हता. मग तिच्या कर्ज-उधारीच्या रिपोर्टात क्रेडिट कार्डाचं एक खातं सापडलं, खर्चानं काठोकाठ भरलेलं. ते तिचं नव्हतंच. आत्याचं होतं.

आत्याची एक रीत होती. घरातलं मूल अठरा वर्षांचं झालं की ती त्याच्या हातात एक पाकीट द्यायची. पाकिटात तिच्याच खात्यावरचं, पण त्या मुलाच्या नावाचं पुरवणी कार्ड. आणि सोबत एकच वाक्य: “जपून ठेव. वापरायचं नाही.” का द्यायचं आणि का वापरायचं नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. वहिनीनं त्याच संध्याकाळी दादाचा रिपोर्ट उघडला, मग धाकट्याचा. तेच खातं दोघांकडेही, तसंच तुडुंब. दादाचा आकडा जरासा खाली आला होता, कारण त्याच्या नावावर घराचं कर्ज होतं, गाडीचं होतं, बाकी खांब होते. मधलीच्या आकड्याला तो एकच मोठा खांब होता, आणि तोच कलला होता.

म्हणजे कोणीतरी कार्ड वापरलं होतं. आणि या घरात काहीही हरवलं, फुटलं किंवा सांडलं, की आधी धाकट्याकडे बघायचं, ही दादाची रीत होती.

*

धाकटा आला तो काखेत गरम पाव घेऊन. अंगावर पीठ तसंच.

“कार्ड कुठाय तुझं?” दादानं दारातच विचारलं.

“कुठलं कार्ड?”

“आत्यानं दिलेलं. दाखव.”

“हां, ते होय.” धाकट्यानं पुढे बांधलेल्या फडक्याच्या खिशात हात घातला आणि कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते. नाव, आकडे काही दिसत नव्हते, आणि एका कडेला वाळलेली कणीक चिकटली होती.

“हे काय आहे?” दादा म्हणाला.

“कणीक खरवडायला वापरतो. ओट्यावरची. त्याच्याइतकं छान काहीच नाही रे. सुरी लावली की ओट्याला चरे पडतात.” त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “काय झालं? आत्या म्हणाली होती वापरायचं नाही. म्हणून दुकानात नाही वापरलं कधी.”

मधलीला हसू आवरेना. गुरुवारपासून ती पहिल्यांदा हसत होती. “दादा, माझं कार्ड मी तळव्यांना गोंद पसरायला वापरते,” ती म्हणाली. “एकसारखा थर बसतो.”

“शाब्बास!” दादा म्हणाला. “एकानं कणकेला, एकीनं गोंदाला. त्यापेक्षा माझ्यासारखं कपाटात जपून—”

“कपाटात?” वहिनी म्हणाली. “तुमचं कार्ड आपल्या जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली आहे. डगडगतं म्हणून तुम्हीच सरकवलंत. चार वर्षं झाली.”

“मोजणीवाल्याच्या घरचं टेबल डगडगतं?” धाकटा म्हणाला.

“तू गप्प बस!”

पण त्या ‘गप्प बस’मध्ये आता दम नव्हता. तीन कार्डं, तिन्ही निर्दोष. ज्यांना कार्ड वापरू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांनी ते खरेदी सोडून बाकी सगळ्या कामांना वापरलं होतं. मग भरलेलं खातं आलं कुठून? चौघंही आपापल्या परीनं विचार करत होती, आणि खरं सांगायचं तर भांडायला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर आता रागाऐवजी निव्वळ कुतूहल होतं.

आत्या चहाचा ट्रे घेऊन आली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिनं उभा जन्म काढला होता. ट्रेवरचं फडकंसुद्धा चारी कोपरे जुळवून घातलेलं असायचं.

“मी वापरलं,” ती म्हणाली. “साखर बेताची घातलीय. चव घेऊन बघा.”

*

“तू?” दादा म्हणाला.

“माझं खातं आहे. मी नाही वापरायचं तर काय शेजाऱ्यांनी?”

“पण आत्या, तू दर महिन्याला फक्त विजेचं बिल भरतेस त्याच्यावर,” मधली म्हणाली. “जन्मभर तेवढंच.”

“हो. या महिन्यात एक जास्त घेतलं.”

वहिनीची नजर बंद दाराकडे गेली. आत्यानं ती नजर पकडली. दोघींचं असं नेहमी व्हायचं. त्या एकमेकींना फारशा आवडत नसत, पण एकमेकींना कळायच्या फार लवकर. आत्यानं कपाळाला एक आठी घातली, पदराला हात पुसले आणि दार उघडलं.

आत पलंग होता.

म्हणजे तसा पलंगच, पण असा पलंग त्यांच्यापैकी कोणाच्याच घरी नव्हता. रुंद, उंच, जाड गादीचा, उशाकडची बाजू कापडानं मढवलेली. इस्त्रीचं टेबल बिचारं खिडकीत आडवं उभं होतं आणि कपाटाचं दार अर्धंच उघडेल इतकीच जागा उरली होती. पांढरी शुभ्र चादर, तिला एक सुरकुती नाही. उशीजवळ एक छोटा रिमोट.

धाकट्यानं पुढे होऊन गादी एका बोटानं दाबून बघितली, पाव भाजला का बघतात तशी.

“आत्या,” दादाचा आवाज एकदम खाली आला, “काही होतंय का तुला? पाठ? डॉक्टरांनी सांगितलंय का असला पलंग घ्यायला? आमच्यापासून लपवू नकोस.”

“काही होत नाही.”

“मग?”

“मला झोपायचंय,” आत्या म्हणाली. “हॉस्पिटलात रोज शेकड्यांनी चादरी धुतल्या. कोणाकोणाच्या पलंगांवर त्या जायच्या. घरी येऊन घडीच्या खाटेवर. तुम्ही लहान होतात तेव्हा दोन खोल्यांत पाच माणसं. रात्री खाट उलगडायची, सकाळी मिटवायची. मग तुम्ही आपापल्या घरी गेलात, तरी सवय राहिली. या महिन्यात खाटेची दोरी तुटली. मी नवी दोरी आणायला निघाले आणि वाटेत ते दुकान होतं. आत गेले. बसा म्हणाली तिथली मुलगी, बसले. झोपून बघा म्हणाली, झोपले. मग उठावंसंच वाटेना.”

ती हे सगळं उभ्या उभ्या सांगत होती, जणू साहेबापुढे. धाकट्याला आईची आठवणच नव्हती, त्याला जी कूस आठवायची ती या बाईची, त्या दोरीच्या खाटेवरची. तो पीठभरल्या कपड्यांनिशी पलंगावर बसला.

“अरे चादर!” आत्या ओरडली.

“धुऊन देतो.”

“तू धुशील? तुझ्या सात पिढ्यांत कोणी धुतली होती?” असं म्हणत तीही त्याच्याशेजारी बसली. मग मधली बसली. मग वहिनी. दादा उभाच राहिला, कारण भांडायला आलेल्या माणसानं पलंगावर कसं बसायचं, हे त्याला कळेना.

*

“आता नीट ऐका, आत्या,” वहिनी म्हणाली. “तुम्ही पैसे भरणार आहात ना?”

“मग काय बुडवणार? बिल आलं की शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण. आजवर एकदा तरी चुकलेय का?”

“तिथेच गोची आहे. तुम्ही भरता नंतर. पण ज्या दिवशी बिल निघतं, त्या दिवशी खात्यावर जे दिसतं ते कार्डवाले पुढे कळवून टाकतात. तुम्ही भरणार आहात हे त्यांना कुठे माहीत? त्यांना एवढंच दिसतं की हिनं मर्यादेपर्यंत खर्च केलाय, म्हणजे ही अडचणीत आहे. आणि तुमच्या खात्यावर ज्यांची नावं, ती सगळीच अडचणीत दिसतात.”

“पण खर्च माझा! या पोरांचा काय संबंध?”

“तुमची अब्रू ती त्यांची अब्रू. इतकी वर्षं फायदा त्याच मार्गानं आला, आता फटकाही त्याच मार्गानं.”

“कसला फायदा?” दादा म्हणाला. “बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी माझ्या हिमतीवर उभा आहे. पहिल्या फटक्यात घराचं कर्ज मिळवलं, कोणाच्या ओळखीशिवाय.”

वहिनीनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की धाकटा सावरून बसला. ही बाई इतका वेळ दादाच्या बाजूची म्हणून आली होती. आता बाजू बदलणार, हे त्याला दिसलं.

“तुमचा रिपोर्ट मी गुरुवारी पहिल्यांदा नीट वाचला,” ती म्हणाली. “नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हा तुम्हाला ते कर्ज मिळालं. का माहितीये? तुमचं सगळ्यात जुनं खातं आहे ना, त्यावर आत्यांचीच तारीख आहे. त्या कागदाप्रमाणे तुम्ही जन्मायच्या आधीपासून सगळी बिलं वेळेवर भरताय.”

धाकटा गडगडाटी हसला. “अरे वा! लंगोट बांधायच्या आधीपासून!”

“म्हणजे माझी हिंमत...” दादा म्हणाला आणि थांबला.

“हप्ते तुम्हीच फेडलेत. ती हिंमत तुमचीच,” वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाली. “पण दार यांनी उघडून दिलं.”

दादा खिडकीकडे गेला. इस्त्रीच्या टेबलाला हात लावून उभा राहिला. हरलेला माणूस जसा लगेच दुसरीकडे जोर लावतो, तसं त्यानं केलं. “ठीक आहे. मग उपाय सोपा आहे. हे दुकानवाले महिनाभर वापरून बघा, नाही आवडलं तर परत घेऊ, म्हणतात. पलंग परत करायचा. पैसे खात्यावर परत. बँकेला पत्र. आत्या, मी तुला दुसरा घेऊन देईन, पुढच्या वर्षी.”

“परत देईन की,” आत्या लगेच म्हणाली. “पोरीचं दुकान आहे. पलंगाचं काय एवढं.”

तिचा हात मात्र चादरीवरून फिरत होता, नसलेल्या सुरकुत्या काढत. मधलीनं तो हात पाहिला. मास्तरांच्या दुकानात येणारी माणसं नवा बूट घालून चार पावलं टाकायची आणि मग असाच हात त्या बुटावरून फिरवायची. त्यांच्याकडून बूट परत मागायचा विचार तिच्या मनात कधी आला असता का?

“पलंग कुठे जाणार नाही,” ती म्हणाली. “दुसरा रस्ता आहे. बँकेतल्या बाईनंच सांगितला. माझं नाव खात्यावरून काढायचं. म्हणजे हा भरलेला आकडा माझ्या रिपोर्टातून जाईल.”

“आणि त्याबरोबर इतक्या वर्षांची पुण्याईही जाईल,” वहिनी म्हणाली. “तुझ्या नावावर मग काय उरतं? दोन वर्षांचं एक छोटं कार्ड. मी माझ्या काउंटरवर असते ना, तर तुला मिक्सरसुद्धा विचार करून दिला असता.”

“मग विचार करतील. नाही म्हणतील फार तर.”

“आणि फर्मे?”

ते फर्मे मधलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, म्हणून तर तीन रात्री झोप नव्हती. एका शाळकरी पोरीचा फर्मा तिनं दर वर्षी वाढवून दिला होता, बोटभर, अर्धं बोट. तो आता जळणात जाणार होता. पण आत्याच्या पाठीखालून गादी काढून ती तो वाचवणार नव्हती.

“आत्या, फोन लाव,” ती म्हणाली. “खातं तुझं आहे. तूच सांगायला हवं.”

*

आत्यानं फोन लावला आणि मधलीच्या सांगण्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असा करून उशीवर ठेवला. बरंच संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलायला लागली. आत्यानं जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, ओळख पटली.

पुढे काय होणार हे आत्याला ठाऊक होतं. तिनं मनात आणलं असतं तर फोन उचलून स्वयंपाकघरात जाता आलं असतं. ती उठली नाही. इतकी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून ती दमली होती, आणि पलंगावर बसल्यावर तो थकवा तिला पहिल्यांदा नीट जाणवला होता.

“पुरवणी कार्ड बंद करायचंय,” ती म्हणाली.

“नक्की, मॅडम. आपल्या खात्यावर चार पुरवणी कार्डं आहेत. कोणतं बंद करायचं?”

“तीन,” दादा खिडकीजवळून म्हणाला. “तीन आहेत. नीट बघा.”

“चार आहेत, सर. तीन नंतरची आहेत. एक फार जुनं आहे, खातं उघडलं त्याच्या पुढच्याच वर्षीचं.”

दादाचा जन्म त्याच्याही नंतरचा. त्या वर्षी या घरात नवीन असं एकच माणूस आलं होतं.

“जरा थांबता का, ताई?” आत्या फोनला म्हणाली.

“हो, मॅडम. मी लाइनवर आहे.”

पुन्हा ते संगीत सुरू झालं.

“तुमच्या आईचं,” आत्या म्हणाली.

दादा वळला. धाकटा हातावरच्या पिठाकडे बघत राहिला. या घरात तो शब्द उच्चारायचा नाही, हा नियम त्यांच्या वडिलांनी केला होता आणि वडील गेल्यावरही तो तसाच चालू राहिला होता. दादा नऊ वर्षांचा होता. शाळेतून आला तर दारावरच्या पाटीवरचं एक नाव खरवडून काढलेलं. त्या संध्याकाळपासून आत्या आली ती कायमचीच. आत्यानंच आईला घालवलं, असं दादा मनात धरून होता. आत्यावर जीव होता, तिच्याशिवाय पान हलत नव्हतं, आणि तरी ते मनातून कधी गेलं नव्हतं.

“तू तिचं नाव ठेवलंस?” त्यानं विचारलं. “इतकी वर्षं?”

“तुझ्या बापानं सगळीकडून काढलं. पाटीवरून, बँकेतून, सगळीकडून. मला म्हणाला, तूही काढ. मी हो म्हटलं आणि नाही काढलं. खातं माझं होतं.” ती थोडी थांबली. “बाई एकटी. हातात काही नाही. तिला भाड्यानं खोली कोण देणार? कुठल्या तोंडानं उधारी मागणार? निदान कागदावर तरी दिसू दे, हिच्यामागे कोणीतरी आहे.”

“तिनं वापरलं कधी?” वहिनीनं विचारलं.

“एक पैसा नाही. वापरायचं नाही, असं तिलाही सांगितलं होतं. तिचं पाहूनच तर तुम्हाला कार्डं दिली. तिला त्याच्या जोरावर खोली मिळाली, पुढे शिवणाचं मशीन मिळालं.”

“म्हणजे तुझं-तिचं बोलणं होतं?” दादाचा आवाज चढला.

“सुरुवातीला एक पत्र आलं होतं, तेवढंच. नंतर कधीच नाही. तुझ्या बापाला शब्द दिला होता, तो तेवढा पाळला.” आत्या चादरीकडे बघत बोलत होती. “पण तिला दर महिन्याला रिपोर्टात दिसायचं, विजेचं बिल आलं, विजेचं बिल भरलं. म्हणजे मी आहे, घर चालू आहे. मग या महिन्यात एकदम एवढा मोठा आकडा दिसला.”

“मग?” धाकट्यानं विचारलं.

“मग मागच्या सोमवारी तिनं फोन केला. माझा नंबर कुठे बदललाय? तुम्ही आज आलात, कार्ड कोणी वापरलं ते विचारायला. आलात ते बरोबरच केलंत, तुमची गरज होती.” तिनं डोळे पुसले, लपवायच्या भानगडीत न पडता. “तिनं विचारलं, ‘वन्सं, बऱ्या आहात ना?’”

वन्सं. जगात आत्याला त्या हाकेनं हाक मारणारं एकच माणूस होतं.

दादा पलंगावर बसला.

*

मधलीनं उशीवरचा फोन उचलला. “हॅलो. ऐकताय का? कोणालाच काढायचं नाहीये. चारही नावं राहू देत. फक्त सगळे पैसे आजच भरायचेत, बिलाची वाट न बघता. ते कसं करायचं सांगा.”

त्या मुलीनं सांगितलं, आत्यानं भरले. मग मधली तोच फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि जे गुरुवारीच करायला हवं होतं, पण लाजेनं केलं नव्हतं, ते तिनं केलं. मास्तरांना सगळं सांगून मुदत मागितली. नवा आकडा कळवला जायला महिना लागेल, म्हणाली. मास्तरांचा आवाज भिंतीपलीकडे येत होता.

“तीन दिवस तोंड शिवून बसलीस? शिवायला दुकानात चामडं नव्हतं? त्या मोबाइलवाल्याला मी महिनाभर खेळवतो. पण महिनाच हां. माझी मुलगी तिकडे खोली झाडून बसलीय.”

ती परत आली तेव्हा तिच्या खांद्यांवरचं ओझं निम्मं उतरलेलं दिसत होतं. निम्मंच, बँक अजून हो म्हणाली नव्हती. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. धाकटा कपाळाला हात लावून बसला होता.

“आता गंमत बघ,” तो म्हणाला. “पैसे भरले. पुढच्या महिन्यात तिला दिसेल, सगळं पहिल्यासारखं. विजेचं बिल आलं, विजेचं बिल भरलं. मग ती कशाला करेल फोन?”

वहिनी आत्याकडे बघायला लागली.

“फोन काय एकाच बाजूनं होतो का रे?” आत्या म्हणाली. “माझा शब्द माझ्याबरोबर. तुमच्यापैकी कोणी कोणाला शब्द दिलाय?”

मधलीनं आत्याचा फोन पुढे केला; धाकट्याकडे, कारण तोच विचारत होता. धाकट्यानं मान हलवली. ज्या बाईचा चेहराही आठवत नाही तिच्याशी काय बोलायचं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. मग मधलीनं स्वतःच नंबर शोधायला घेतला, आणि दादानं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“मागचा सोमवार म्हणालीस ना?” त्यानं आत्याला विचारलं. त्याचा अंगठा पडद्यावरून वर वर सरकत गेला आणि एका जागी थांबला. सोमवारी एकच फोन आलेला होता.

“काय बोलणार आहेस?” वहिनीनं हळूच विचारलं. एरवी ‘अहो’ म्हणणारी ती चुकून ‘तू’ म्हणून गेली, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“माहीत नाही,” दादा म्हणाला आणि नंबर दाबला.

फोन सगळ्यांना ऐकू जाईल असाच होता अजून. पाच माणसं एका पलंगावर दाटीवाटीनं बसून ती रिंग ऐकत होती. धाकट्याच्या मांडीखाली रिमोट दाबला गेला आणि उशाकडची बाजू हळूहळू वर यायला लागली. कोणी तो काढला नाही.

पलीकडे फोन उचलला गेला. आवाज म्हातारा होता, घाबरलेला होता, आणि दादाला तो पहिल्या शब्दाला कळला.

“वन्सं? काय झालं, वन्सं?”

दादानं तोंड उघडलं. दोनदा उघडलं.

“काही झालं नाही, आई,” तो म्हणाला. “आत्यानं पलंग घेतलाय.”